लो-फ्लो अलार्म पुन्हा पुन्हा वाजतो: पाणी द्यायचे की काढायचे?

डाव्या बाजूचा हृदयपंप, म्हणजे एलव्हॅड, बसवलेला रुग्ण कॅज्युअल्टीत येतो. पंप चालवणाऱ्या, अंगाबाहेरच्या यंत्रावर, म्हणजे कंट्रोलरवर, लाल हृदयाचे चिन्ह पेटलेले असते आणि फ्लोचा आकडा मिनिटाला २.५ लिटरच्या खाली उतरलेला असतो. ड्यूटीवरचे डॉक्टर सलाईन लावतात, आकडा वर चढतो, अलार्म थांबतो आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. दोन तासांनी अलार्म पुन्हा वाजतो, पुन्हा सलाईन लागते. कधी याच्या नेमके उलट घडते: पायांवर सूज दिसली म्हणून लघवीची गोळी वाढवली जाते आणि आठवड्याच्या आत तोच रुग्ण चक्कर येते म्हणून परत येतो, तेव्हाही कंट्रोलर वाजतच असतो. या दोन्ही चुका आमच्या युनिटमध्ये झाल्या आहेत आणि त्यांतली एक माझ्या हातून झाली आहे. एलव्हॅडचे रुग्ण पंप बसवलेल्या मोठ्या केंद्रापासून बरेचदा शेकडो किलोमीटर दूर राहतात आणि अडचणीच्या वेळी प्रथम गावाजवळच्या फिजिशियनकडेच जातात, म्हणून त्यांच्या उपयोगाच्या दृष्टीने हे लिहीत आहे. येथील आकडे हार्टमेट ३ या पंपाचे आहेत, कारण एचव्हॅड या दुसऱ्या पंपाची विक्री २०२१ च्या जूनमध्ये थांबल्यापासून नव्या रुग्णांमध्ये बहुधा हाच पंप आढळतो.

पडद्यावरचा आकडा नेमका कशाचा

कंट्रोलरवर दिसणारा फ्लो हा मोजलेला नसतो, तो हिशेबाने काढलेला असतो. पंपाचा वेग, त्याला लागणारी वीज आणि प्रणालीत भरलेला हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण) यांवरून यंत्र अंदाज बांधते. त्यामुळे रक्तस्रावानंतर हिमोग्लोबिन घसरले असेल आणि जुनाच हिमॅटोक्रिट तसाच राहिला असेल, तर आकडा खऱ्या प्रवाहापासून सरकतो. पंपाच्या आत गुठळी धरली तर वीज जास्त लागते आणि यंत्र त्याचा अर्थ ‘फ्लो वाढला’ असा लावते, रुग्ण मात्र खालावत असतो. म्हणून फ्लोकडे एकट्याने पाहू नये. वेग, वॉट (लागणारी वीज) आणि पीआय हे तिन्ही आकडे सोबत लिहून घ्यावेत आणि ते या रुग्णाच्या नेहमीच्या आकड्यांशी ताडावेत. पुस्तकातल्या सरासरीशी ताडून फारसे काही हाती लागत नाही.

पीआय म्हणजे पल्सॅटिलिटी इंडेक्स. पंपातून जाणाऱ्या प्रवाहात हृदयाच्या ठोक्यागणिक किती चढउतार होतो, त्याची पंधरा सेकंदांची ही सरासरी असते. डावा कप्पा भरलेला असेल आणि थोडाफार आकुंचन पावत असेल, तर पीआय वाढतो; कप्पा रिकामा असेल किंवा पंपाचा वेग जास्त असेल, तर तो घटतो. पीआय त्या सरासरीपासून ४५ टक्क्यांहून अधिक हलला की यंत्र ‘पीआय इव्हेंट’ नोंदवते आणि कप्पा चोखला जाऊ नये म्हणून वेग ठरलेल्या खालच्या मर्यादेपर्यंत उतरवून मग हळूहळू परत वर नेते. खोकला, शौचाला जोर करणे, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांनीही असे इव्हेंट पडतात आणि धडधाकट रुग्णांच्या नोंदीतही ते सापडतात, तेव्हा संख्येपेक्षा त्यांची वेळ आणि घोळका पाहावा. पहाटे उठून बसताना लागोपाठ पडणारे इव्हेंट आणि दिवसभर विखुरलेले इव्हेंट यांचा अर्थ एक होत नाही.

आता मूळ अडचण. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण या पंपाला तंतोतंत लागू पडते: डाव्या कप्प्यात जेवढे रक्त येईल तेवढेच पंप पुढे ढकलू शकतो. मात्र या विहिरीला पाणी पुरवणारी दुसरी एक विहीर आहे, ती म्हणजे हृदयाची उजवी बाजू, आणि तिला पंपाची मदत नाही. शरीरातच पाणी कमी असेल तर डावा कप्पा रिकामा राहतो. शरीरात पाणी तुडुंब असून उजवा कप्पा ते पुढे ढकलू शकत नसेल, तरीही डावा कप्पा रिकामाच राहतो. दोन्ही वेळी पडद्यावर फ्लो कमी, पीआय कमी आणि वॉट कमी असेच दिसते. पंपाला फक्त आपला आड दिसतो. अंगात पाणी किती आहे, हे त्याला विचारून उपयोग नाही.

आधी रक्तदाब, मग मान

रक्तदाब पहिल्यांदा पाहावा असा माझा आग्रह आहे, कारण हा पंप समोरच्या दाबाला फार दबतो. महाधमनीतला दाब चढला की त्याच वेगाला फ्लो उतरतो आणि पीआय बहुधा वाढतो. अशा वेळी सलाईन देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. सरासरी दाब साधारण ७५ ते ९० च्या दरम्यान हवा. अडचण मोजण्याची असते, कारण नाडी हाताला लागत नाही आणि स्वयंचलित यंत्र अनेकदा चूक दाखवते किंवा काहीच दाखवत नाही. हातानेच मोजावे लागते: कोपराच्या आतल्या बाजूला जेल लावून डॉप्लरचा प्रोब ठेवायचा, धमनीचा सरसर आवाज सापडला की कफ फुगवून तो आवाज बंद करायचा आणि मग सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर इतक्या सावकाश हवा सोडायची. आवाज ज्या आकड्याला परत येतो तो लिहायचा. नाडी अजिबात लागत नसेल तर हा आकडा सरासरी दाबाच्या जवळचा मानावा. नाडी लागत असेल तर तो वरच्या दाबाकडे झुकलेला असतो. हा फरक कागदावर लिहिलेला नसला की पुढच्या पाळीचे डॉक्टर वरचा दाबच सरासरी समजून रक्तदाबाचे औषध वाढवतात.

त्यानंतर मान. रुग्णाला ४५ अंशांत बसवून मानेची शीर पाहावी. कॅरॉटिडचा (मानेतल्या धमनीचा) ठोका अगदी मंद असल्यामुळे उलट या रुग्णांत शीर बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. ट्रायकस्पिड झडप (उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) गळत असेल तर शिरेत मोठी लाट उठते. तिच्या शेंड्यावरून दाब ठरवू नये. शीर सपाट असेल तर रुग्णाला आडवा करावा आणि ती भरते का ते पाहावे. शीर कानाच्या पाळीपर्यंत भरलेली असेल, तर ‘पाणी कमी’ हे निदान तिथेच सोडून द्यावे, मग पडद्यावर काहीही दिसो. छाती स्वच्छ आहे म्हणून अंगात पाणी नाही असेही मानू नये. डावी बाजू पंप रिकामी करत असतो, त्यामुळे उजवे हृदय थकलेल्या माणसाचे पाय आणि यकृत भरून आले तरी फुप्फुसे कोरडीच राहतात. याउलट फुप्फुसात पाणी सापडले, तर पंप डावी बाजू पुरेशी उपसत नाही असा त्याचा अर्थ घ्यावा आणि कमी वेग, चढलेला रक्तदाब, गुठळी किंवा गळणारी महाधमनी झडप यांचा शोध घ्यावा. या शेवटच्या प्रकारात फ्लो चक्क चांगला दिसतो, कारण तेच रक्त पंप, महाधमनी आणि परत डावा कप्पा असे गोल फिरत राहते.

तीन बोलस आणि एक रात्र

आमच्याकडे एक पन्नाशीचे शेतकरी गृहस्थ होते. पंप बसवून तीन महिने झाले होते. वेग मिनिटाला ५४०० फेरे, फ्लो २.३, पीआय १.८, वॉट ३.४ आणि डॉप्लरवर दाब ६८. रात्री अकराला मी २५० मिली सलाईनचे बोलस (थोड्या वेळात एकदम द्यायची मात्रा) द्यायला सांगितले. फ्लो ३.१ झाला. एक वाजता पुन्हा अलार्म वाजला आणि पुन्हा २५० मिली दिले. या वेळी फ्लो २.७ वरच थांबला. साडेतीनला तिसऱ्यांदा दिले, तेव्हा आकडा हललाही नाही. सकाळी सिस्टरांनी वजनाचा कागद समोर धरला आणि म्हणाल्या, “सर, दहा दिवसांत तीन किलो वाढलंय, आणि काका उताणे झोपायला तयार नाहीत, पोट ताणल्यासारखं वाटतंय म्हणतात.” तेव्हा कुठे मी मान पाहिली. शीर जबड्याच्या कोनापर्यंत भरलेली होती आणि उजव्या बरगडीखाली हात लावताच त्यांनी अंग चोरले.

इकोत उजवा कप्पा फुगलेला, मधला पडदा डावीकडे ढकललेला, डावा कप्पा फटीसारखा बारीक आणि आयव्हीसी (शरीराच्या खालच्या भागातले रक्त उजव्या हृदयात आणणारी मोठी शीर) २.६ सेंटिमीटर, श्वासासोबत जराही न हलणारी, असे चित्र दिसले. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा डोस तोच असताना आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) दोन आठवड्यांत चढत गेला होता, आणि यकृत भरून आल्याची ही खूण फाइलमध्ये आमची वाट पाहत पडून होती. ही खूण मला सगळ्यांत उपयोगी वाटते, कारण तिला ना इको लागतो ना कॅथेटर. गोळी तीच, पथ्य तेच, नवे औषध काही नाही आणि तरीही आयएनआर वाढतो आहे, तर यकृताकडे पाहावे.

पहिल्या सलाईनने आकडा का चढला, हे समजून घेतले पाहिजे, कारण फसगत तिथेच होते. थकलेला उजवा कप्पाही जास्त ताणला की काही काळ थोडे अधिक रक्त पुढे ढकलतो. मग तो आणखी फुगतो, ट्रायकस्पिड झडप अधिक गळू लागते, मधला पडदा डावीकडे सरकून डाव्या कप्प्याची उरलीसुरली जागाही खातो आणि फ्लो पहिल्यापेक्षा खाली येतो. म्हणजे बोलसला मिळालेला तासाभराचा प्रतिसाद हा पाणी कमी असल्याचा पुरावा ठरत नाही. दुसऱ्या बोलसला प्रतिसाद आधीपेक्षा कमी मिळाला, हा मात्र उजव्या बाजूविरुद्धचा चांगला पुरावा आहे, आणि तो मला रात्री एक वाजता मिळालेला होता.

पुढे वेग ५४०० वरून ५२०० केला, हृदयाच्या आकुंचनाला बळ देणारे मिलरिनोन सुरू केले आणि लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडचे इन्फ्युजन लावले. लो-फ्लो असताना पाणी काढायचे आणि वेगही कमी करायचा, हे हाताला पटायला वेळ लागतो. पण जास्त वेगाने पंप मधला पडदा आपल्याकडे ओढतो आणि उजव्या कप्प्याचा आकारच बिघडवतो. शिवाय परत येणारे रक्त वाढवून त्याच थकलेल्या बाजूवर ओझे टाकतो. आकडा कमी दिसला की वेग वाढवण्याची सवय असेल तर ती मोडावी. तिसऱ्या दिवशी वजन तीन किलोने उतरले होते आणि फ्लो ४.० होता.

आयव्हीसीचा आकडा वापरताना

आयव्हीसी बेंबीच्या वरून, बरगड्यांखालून पाहतात आणि ती उजव्या कर्णिकेच्या तोंडापासून एक-दोन सेंटिमीटर अलीकडे मोजतात. व्यास २.१ सेंटिमीटरपर्यंत असून हुंगल्यासारखा श्वास घेताच ती निम्म्याहून अधिक मिटत असेल, तर उजव्या बाजूचा दाब कमी असतो. व्यास त्याहून मोठा आणि मिटणे निम्म्याहून कमी असेल, तर दाब जास्त असतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला हा नियम लावू नये. जुनी ट्रायकस्पिड गळती असेल तर शीर कायमचीच रुंद झालेली असू शकते, तेव्हा मागच्या भेटीतला व्यास फाइलमध्ये असणे सोन्यासारखे. ड्राइव्हलाइनचे (पंपाच्या, पोटातून बाहेर येणाऱ्या तारेचे) ड्रेसिंग आड येत असेल तर उजव्या कुशीवरून, यकृतातून पाहता येते.

इकोत मी एकच प्रश्न विचारतो: डावा कप्पा लहान आहे, मग उजवा कसा आहे? दोन्ही लहान आणि आयव्हीसी मिटलेली, तर पाणी किंवा रक्त कमी आहे. उजवा मोठा, तर वरची गोष्ट. शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, शिरा भरलेल्या असतील आणि कप्पे दबलेले दिसत असतील, तर टॅम्पोनाड (हृदयाभोवती साचलेल्या रक्ताने ते दबणे) धरून चालावे; उजव्या कर्णिकेमागे साचलेली गुठळी छातीवरच्या इकोत निसटू शकते, म्हणून संशय असेल तर अन्ननलिकेतून इको किंवा सीटी करून घ्यावे. पल्स प्रेशर व्हेरिएशन (श्वासागणिक नाडीच्या दाबात होणारा फरक) आणि तत्सम मापांवर येथे भिस्त ठेवू नये, कारण धमनीतली लाट जवळजवळ पंपाचीच असते. हार्टमेट ३ तर दर दोन सेकंदांनी स्वतःचा वेग क्षणभर खाली-वर करून कृत्रिम लाट उठवतो.

एवढे करूनही उत्तर मिळत नसेल, तर उजव्या बाजूचे कॅथेटर टाकायला संकोच करू नये. सीव्हीपी (उजव्या कर्णिकेजवळच्या शिरेतला दाब) १५ च्या वर आणि सीव्हीपी भागिले वेज दाब (डाव्या बाजूच्या भरण्याचा अंदाज देणारा फुप्फुसातला दाब) ०.६३ हून अधिक, तर दोष उजव्या बाजूचा. दोन्ही दाब खाली, तर रुग्ण कोरडा. दोन्ही वर, तर पाणी जास्त किंवा पंपाचा वेग अपुरा. दहा मिनिटांचे हे काम चार दिवसांचा गोंधळ वाचवते.

सलाईन देऊन पाहायचेच असेल, तर आधी पाय उचलून पाहावेत. पाय ४५ अंशांवर धरून एक-दोन मिनिटांत फ्लो चढला आणि पाय खाली ठेवताच उतरला, तर निष्कर्ष मिळतो आणि शरीरात एक थेंबही नवा गेलेला नसतो. मग २५० मिली, पंधरा मिनिटांत, आधीची आणि नंतरची मानेची शीर किंवा सीव्हीपी लिहून द्यावे. फ्लो वाढला आणि सीव्हीपी फारसा हलला नाही, तर पुढे जावे. सीव्हीपी चढला आणि फ्लो जागचा हलला नाही, तर बाटली तिथेच बंद करावी. दुसरे बोलस पुन्हा तपासल्याखेरीज देऊ नये. फोनवरून तर नाहीच.

कोरड्या रुग्णात जुलाब, उलट्या, उन्हाळा, निर्जळी उपवास अशी कारणे विचारावीतच, पण शौचाचा रंग विचारायला विसरू नये. या रुग्णांत रक्त गोठवणारा व्हॉन विलब्रँड घटक पंपामुळे कमी पडतो, आतड्यात नाजूक रक्तवाहिन्या तयार होतात आणि त्यातच वॉरफरिन चालू असते, त्यामुळे न दिसणारा रक्तस्राव हे लो-फ्लोचे नेहमीचे कारण आहे. लघवी काळसर होणे, एलडीएच (रक्तपेशी फुटल्यावर रक्तात वाढणारा घटक) चढणे आणि वॉट वाढणे हे एकत्र आले, तर प्रश्न पाण्याचा राहत नाही, पंपातल्या गुठळीचा होतो. आणि दाब ठीक, उजवी बाजू ठीक, पाणीही ठीक, तरीही महिनोन्‌महिने फ्लो हळूहळू उतरत चालला असेल, तर पंपातून महाधमनीकडे जाणारी नळी पिळली किंवा बाहेरून दबली आहे का, हे सीटी अँजिओग्राफीत पाहावे. अशा रुग्णाला सलाईन देत राहणे आणि गोळ्या बदलत राहणे, दोन्ही व्यर्थ आहे.

वाढलेले वजन पाण्याचेच असते का

दुसरी चूक अधिक शांतपणे घडली. साठीच्या एका रुग्णाचा डॉप्लर दाब ९८ होता म्हणून रक्तदाबाचे औषध अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाले. तीन आठवड्यांनी घोट्यांवर सूज आली आणि वजनही तीन किलोने वाढले होते. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की निदान आपोआप तयार होते. लघवीची गोळी टॉरसेमाइड १० वरून ४० मिलिग्रॅम केले गेले. सहाव्या दिवशी पहाटे, अंथरुणातून उठून बसताना, अलार्म वाजू लागला. मान सपाट होती, आयव्हीसी दोरीसारखी बारीक होती, युरिया क्रिएटिनिनच्या मानाने बराच चढलेला होता, आणि घोट्यांवरची सूज मात्र जशीच्या तशी होती. त्यांच्या पत्नीला आहाराबद्दल विचारले तेव्हा त्या कौतुकाने म्हणाल्या, “आता दोन-दोन भाकरी खातात हो हे. आधी अर्धी जात नव्हती.”

सूज रक्तदाबाच्या गोळीची होती आणि वजन भाकरीचे. पंप बसवण्यापूर्वी वर्षभर खंगलेला माणूस भूक परत आल्यावर अंग धरतो, पण फाइलच्या पहिल्या पानावरचे ड्राय वेट (जादा पाणी नसतानाचे वजन) कोणी बदलत नाही, आणि प्रत्येक नवा डॉक्टर रुग्णाला त्या जुन्या आकड्याकडे ओढत राहतो. उलटही होते: दीर्घ आजारात मांस झडते, त्या जागी पाणी भरते आणि वजनाचा काटा हलत नाही. रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, त्याच काट्यावर घेतलेले वजन दिवसांतला बदल छान सांगते. दिवसात किलो-दीड किलो किंवा आठवड्यात दोन-अडीच किलो वाढले तर फोन करा, असे आम्ही घरच्यांना सांगतोच. महिन्यांतला बदल मात्र काट्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक भेटीत मान, आयव्हीसी आणि पीआय पाहून ड्राय वेट नव्याने ठरवावे व तारखेसह लिहावे.

या गृहस्थांचे टॉरसेमाइड दोन दिवस बंद ठेवले, तोंडाने ओआरएस दिले, अ‍ॅम्लोडिपिन काढून दुसरे औषध लावले आणि ड्राय वेट ५८ खोडून ६१ लिहिले. अलार्म दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून थांबला. घोटे उतरायला आणखी दहा दिवस लागले.